बियाण्याचे वार्धक्य

साठवणीत बियाण्याची उगवणशक्ती आणि जोम हळूहळू घटत जाणे. श्रीरामपूर परिसरात हा प्रश्न सोयाबीन आणि कांद्याच्या बियाण्यात ठळकपणे दिसतो. गहू-हरभरा नीट वाळवून ठेवला तर पुढच्या हंगामात निर्धास्तपणे पेरता येतो; कांद्याचे बी मात्र साध्या साठवणीत वर्षभरातच निकामी होऊ लागते.

बी म्हातारे होते म्हणजे त्याच्या पेशींची पटले झिजतात. तेलबियांतील स्निग्ध पदार्थांचे ऑक्सिडीकरण होते, विकरे मंदावतात. असे बी मातीत भिजले की आतली साखर बाहेर पाझरते आणि तिच्यावर बुरशी पोसते.

उगवणीआधी जोम जातो, ही खरी मेख. प्रयोगशाळेत बी उगवते, पण शेतात कोंब उशिरा आणि मागेपुढे येतात, मुळे आखूड राहतात. जमिनीवर पापडी धरली असेल तर रोप ती फोडूच शकत नाही. सोयाबीनचे कवच पातळ असल्याने मळणीतला मारही त्याला भोवतो. 2020 च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी महाराष्ट्रभर झाल्या. आदल्या हंगामात काढणीच्या वेळी पावसात भिजलेले बियाणे हे त्याचे एक मोठे कारण होते.

बियाण्यातील ओलावा 1 टक्क्याने किंवा साठवणीचे तापमान 5 अंश सेल्सिअसने घटले की आयुष्य साधारण दुप्पट होते, असा बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांचा ठोकताळा आहे.

घरच्या घरी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून परीक्षा घेता येते. सोयाबीनसाठी किमान 70 टक्के उगवण प्रमाण मानतात.