शब्दाचे सेवक : मराठी नाट्यपदांचे स्वरकार

नाट्यपद कानी पडले की गाणाऱ्याचे नाव आपल्या मुखी येते. फार झाले तर नाटककाराचे. त्या पदास चाल कोणी लाविली, हे विचारणारा शेकड्यांत एखादाच आढळतो. ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी आपल्या मंदिरातील गायकवृंदाचे आपण कौतुक करीत असता या उपेक्षित स्वरकारांचे स्मरण करणे अप्रस्तुत होणार नाही. कारण त्यांच्या इतिहासात आपणांस घेण्याजोगा एक धडा आहे.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुणे येथे अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले. पदे त्यांचीच आणि चालींची योजनाही त्यांचीच. साकी, दिंडी, कीर्तनातील चाली असे जे लोकांच्या कानी रुळलेले होते, तेच त्यांनी उचलिले. चाल ओळखीची असल्यामुळे श्रोत्याचे लक्ष सहजच शब्दांकडे जाई.

पुढचे पाऊल पडले त्यात आपल्या वऱ्हाडचाही वाटा आहे. खामगाव व जळगाव-जामोद येथे वकिली केलेले श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी 'वीरतनय' (१८९६) या नाटकापासून पारशी रंगभूमीच्या ठसकेबाज चाली मराठीत आणिल्या. ही नवलाई लोकांस आवडली. परंतु चालीच्या वळणाप्रमाणे शब्दास वाकावे लागू लागले.

१९११ साली खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकास गोविंदराव टेंबे यांनी, आणि १९१६ साली 'स्वयंवर' नाटकास भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या. भास्करबुवांनी ग्वाल्हेर, आग्रा व जयपूर या तिन्ही परंपरांची तालीम घेतली होती. घराण्यातील चीज निवडावी आणि कवीने तिच्या मापात मराठी शब्द बसवावेत, अशी ही पद्धत होती. दरबारातील विद्या त्यामुळे सामान्य जनांच्या कानी आली, हा उपकार थोर होय. परंतु त्यातूनच एक दोषही उद्भवला. गायक आलापांत रमे, 'वन्समोअर'चा गजर होई, रात्र सरत जाई, आणि कथानक बिचारे विंगेत तिष्ठत राही.

१९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट निघाला. त्याचे संगीतही टेंबे यांचेच. बोलपटाच्या स्पर्धेपुढे नाटकमंडळ्यांस उतरती कळा लागली. पुढे गोमंतकातील मंगेशी येथे जन्मलेले जितेंद्र अभिषेकी यांनी 'मत्स्यगंधा' (१९६४) या नाटकात पदे आटोपशीर केली व प्रसंगास शोभेल अशीच चाल योजिली. नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर यांच्या 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) या नाटकासही त्यांचेच संगीत होते. त्यातील खाँसाहेब उभे करणारे वसंतराव देशपांडे हे मूर्तिजापूरचे. १९९८ साली वाशीम जिल्हा निराळा होईपर्यंत मूर्तिजापूर व आपले रिसोड एकाच अकोला जिल्ह्यात होते.

रंगभूमीने जे ठेच खाऊन शिकले, तोच नियम ख्रिस्तसभेनेही घालून दिला आहे. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संगीताची आश्रयदात्री संत सिसिलिया हिच्या सणाच्या दिवशी, पोप दहावे पायस यांनी मंदिरात नाटकी थाटाचे संगीत नको, असे बजाविले. प्रार्थनेच्या शब्दांस सुयोग्य स्वरांचे वस्त्र नेसविणे, हेच पवित्र संगीताचे कार्य होय, असा त्यांच्या उपदेशाचा आशय आहे. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेस उपासनेत मानाचे स्थान दिले.

ही दोन्ही वचने एकत्र ठेविली म्हणजे आपला मार्ग स्पष्ट होतो. आपले राग, आपली दिंडी, आपला ठेका प्रभूच्या चरणी अवश्य आणावा. मात्र मिस्सेत स्तोत्र संपल्यावर भाविकांच्या मनी गाणाऱ्याचा गळा न उरता प्रभूचा शब्द उरावा. ज्या स्वरकाराचे नाव कोणी विचारीत नाही, परंतु ज्याच्या चालीने शब्द हृदयी ठसतो, त्याची सेवा देवाच्या दरबारी रुजू झालीच म्हणून समजावे.