घाटात पाट्या वाहिल्या त्यांची नावं



मळवलीला उतरून एकवीरा आईला जातो, तशा पुढच्या लोणावळा स्टेशनावरही आपण कितीदा तरी उतरलो असू. चिक्की घ्यायची, डोंगरावरचे ढग बघायचे आणि परतीची लोकल पकडायची. मागच्या वेळी आमच्या गटातल्या एकीने विचारलं, "आपल्या या भाताच्या मुलखात चर्च कुठून आलं गं?" उत्तर शोधता शोधता आम्ही थेट बोरघाटात जाऊन पोचलो. तीच गोष्ट आज सांगतो.

मावळ म्हणजे मावळतीकडचा मुलूख. लोहगड, विसापूर, राजमाची, तुंग, तिकोना हे किल्ले त्याच्या राखणीला. कुरवंड्याच्या डोंगरात आपल्या इंद्रायणीचा उगम, आणि तिथून पुढे एकदम तुटलेला कडा. खाली कोकण. कोकणातून वर यायचं तर घाट चढायलाच हवा. दोन हजार वर्षांपूर्वीचे व्यापारीही या घाटवाटांनीच ये-जा करायचे. कार्ला आणि भाजे इथली लेणी त्या वाटांच्या जवळच आहेत. पुढे १८३० साली इंग्रजांनी बोरघाटात गाडीरस्ता खुला केला.

मग आली आगगाडी. १८५६ मध्ये घाटात रेल्वेचं काम सुरू झालं आणि १८६३ मध्ये गाडी वर आली. सुमारे पंचवीस किलोमीटरांत साडेपाचशे मीटरांवर चढ. त्यासाठी पंचवीस बोगदे खोदले, दऱ्यांवर आठ मोठे पूल बांधले. काम जोरात होतं तेव्हा एका वेळी चाळीस हजारांहून जास्त मजूर घाटात राबत होते. पुरुष खडक फोडायचे, सुरुंग लावायचे. बायका आणि पोरं डोक्यावर चुंबळ ठेवून माती-दगडाच्या पाट्या वाहायची. राहायला झोपड्या, प्यायला मिळेल ते पाणी. कॉलरा आला की माणसं पटापट जायची. कुणी तापाने गेलं, कुणी सुरुंगात, कुणी कड्यावरून पडून. हजारो माणसं या घाटात मेली. १८५९ च्या सुरुवातीला मजुरी थकली, तेव्हा मजूर चिडून उठले, दंगा झाला. त्याच वर्षी पहिल्या ठेकेदाराने काम सोडलं.

नवा ठेकेदार आला सॉलोमन ट्रेडवेल. विलायतेहून येऊन महिना झाला नाही तोच तो वारला. त्याची बायको अॅलिस बरोबर आली होती. परका मुलूख, नवरा गेलेला, काम अर्धवट. तिला परत जाता आलं असतं. तिने ठेका आपल्याकडे घेतला, जाणते इंजिनिअर कामावर नेमले आणि घाट पुरा करून घेतला. आज विधवा बाईने दुकान चालवलं तरी लोक बोलतात; हे तर दीडशे वर्षांपूर्वीचं.

गाडी वर आली आणि लोणावळ्याचं रूप पालटलं. चढावर इंजिनांचे हाल व्हायचे, म्हणून इथे रेल्वेचं वर्कशॉप उभं राहिलं. आजही कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात, ती याच चढासाठी. वर्कशॉपसाठी साहेब आले, रेल्वेच्या नोकरीत ख्रिस्ती कुटुंबं आली. पोरांना शाळा हवी, रविवारी प्रार्थनेला जागा हवी. १८८५ च्या सरकारी गॅझेटिअरमध्ये लोणावळ्यात रेल्वेची शाळा, प्रोटेस्टंट पंथाचं एक आणि कॅथलिक पंथाचं एक प्रार्थनामंदिर असल्याची नोंद आहे. तेव्हा आमच्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर हे: चर्च आलं ते आगगाडीबरोबर, घाट चढून.

पण एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. कार्ल्याच्या लेण्यात दान देणाऱ्यांची नावं दगडात कोरलेली आहेत. त्यांत एक नाव आहे भायिला, महादेवणकाची आई. लेकाच्या नावाने का होईना, तिची ओळख दोन हजार वर्षं टिकली. अॅलिसबाईंचं नाव रेल्वेच्या इतिहासात आहे. मग चुंबळ ठेवून पाट्या वाहणाऱ्या त्या बायांची नावं कुठे आहेत? त्यांच्या डोक्यावरून गेलेल्या दगडांवरून आपण रोज मुंबईला जातो.

रोजगार हमीच्या कामावर मस्टरवर आपलं नाव चढलंय का, हे आपण बघतो ना? ते का बघायचं, हे आम्हाला या घाटाने पुन्हा शिकवलं.

आता एक काम करू या. घाटात, रेल्वेत, धरणावर राबलेल्या आज्या-पणज्यांबद्दल घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. नाव, गाव, काम, जेवढं आठवेल तेवढं बचतगटाच्या वहीत मागच्या पानावर लिहा. पुढच्या बैठकीला त्या वह्या घेऊन या, आपण वाचू.