लाइन ॲम्प्लिफायर, बहुचॅनल

ध्वनिमुद्रणाच्या संगणकातून निघालेले अनेक स्वतंत्र संकेत ॲनालॉग समिंग मिक्सरपर्यंत योग्य पातळीवर पोहोचवणारे उपकरण. समिंग मिक्सरला बहुधा इक्वलायझर नसतो, फेडरही नसतात. ८, १६ किंवा ३२ संकेतांची डाव्या-उजव्या दोन वाहिन्यांत बेरीज करणे एवढेच त्याचे काम. संगणकही ही बेरीज करतो आणि गणिताच्या दृष्टीने बिनचूक करतो. त्यामुळे ॲनालॉग बेरीज कानाला वेगळी लागत असेल, तर तो फरक मंडलातली विकृती, गोंगाट आणि संकेताची पातळी यांतूनच आलेला असतो. २००० नंतर मिक्सिंग संगणकावर स्थिरावले आणि मोठे कन्सोल अनेकांच्या आवाक्याबाहेर राहिले, तेव्हा कन्सोलमधला एवढाच भाग स्वतंत्र पेटीत बांधण्याची पद्धत पडली.

साध्या पॅसिव्ह समिंगमध्ये प्रत्येक संकेत समान किमतीच्या रोधकातून एकाच तारेवर आणला जातो. अशा जोडणीत ८ चॅनल असतील तर प्रत्येक संकेत १८ डेसिबलने खाली येतो, १६ असतील तर २४ डेसिबलने. ही घट पुढच्या ॲम्प्लिफायरने भरून काढावी लागते आणि त्याबरोबर गोंगाटही वर येतो. म्हणून संकेत मिक्सरमध्ये शिरतानाच भक्कम हवा. स्टुडिओची रूढ पातळी +४ डीबीयू, म्हणजे १.२३ व्होल्ट, घरगुती उपकरणांची −१० डीबीव्ही, म्हणजे ०.३१६ व्होल्ट. या दोहोंतले सुमारे १२ डेसिबलचे अंतर भरून काढणे, एकेरी संकेत बॅलन्स्ड करणे आणि लांब केबल न डगमगता चालवणे ही लाइन ॲम्प्लिफायरची खरी कामे होत.

पंढरपूरपासून जवळच असलेल्या, चोखामेळा, दामाजीपंत आणि कान्होपात्रा या संतांच्या नावांशी जोडलेल्या मंगळवेढ्यात भजनाचे मुद्रण करायचे म्हटले, तर ८ चॅनल बघता बघता भरतात: मुख्य गायक, हार्मोनियम, वीणा, पखवाजाची शाईची बाजू आणि धुम्याची बाजू, टाळ, आणि धृपदकऱ्यांसाठी दोन माइक. यात टाळ सर्वांत कठीण. त्याचा आघात क्षणभराचा, पण सरासरी पातळीच्या कितीतरी वर जाणारा असतो. व्हीयू मीटरचा काटा ३०० मिलिसेकंदांच्या गतीने चालतो, त्यामुळे तो आघात त्यावर दिसतच नाही. मीटर शांत असताना ॲम्प्लिफायर शिखरे कापत असू शकतो आणि टाळाची किणकिण चरचरीत होते. भजनाच्या मुद्रणात हेडरूमवर, म्हणजे शिखरांसाठी राखलेल्या जागेवर, काटकसर करू नये.

बांधणीसाठी एनई५५३२ हा जुना, स्वस्त ऑप-ॲम्प आजही उत्तम आहे. तो ६०० ओहमचा भारसुद्धा पेलतो. ±१५ व्होल्टवर एका बाजूचे उत्पादन सुमारे २१ डीबीयूपर्यंत जाते. उलट कलेची दुसरी बाजू जोडली की आणखी ६ डेसिबल मिळतात. प्रत्येक चॅनलला दोन चिप लागतात, एक बॅलन्स्ड इनपुट घेणारी आणि एक आउटपुट चालवणारी. आउटपुटच्या प्रत्येक टोकाशी ४७ ते ६८ ओहमचा रोधक असावा, नाहीतर केबलच्या धारितेमुळे ऑप-ॲम्प स्वतःच कंप पावू लागतो. चिपच्या पुरवठ्याच्या पिनांना अगदी लगटून ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर हवेत.

रोधकांच्या अचूकतेवर मात्र खर्च करावा. चार समान रोधकांच्या इनपुट मंडलात १ टक्क्याचे रोधक वापरले, तर दोन्ही तारांवर सारखीच आलेली घरघर वाईटात वाईट स्थितीत जेमतेम ३४ डेसिबलने दबते, ०.१ टक्क्याचे वापरले तर ५४ डेसिबलने. चॅनलमधली तफावतही त्यानेच आटोक्यात राहते, आणि स्टिरिओत प्रत्येक वाद्याची जागा त्या समानतेवर अवलंबून असते. गोंगाटाचा हिशेबही एकाच चॅनलपुरता करून चालत नाही: सारखा गोंगाट असलेले १६ चॅनल एकत्र आले की एकूण गोंगाट १२ डेसिबलने वाढतो. त्यामानाने शेजारच्या चॅनलमधली गळती येथे फारशी घातक नाही, कारण ते संकेत पुढे एकत्रच यायचे असतात. डावे-उजवे मात्र वेगळे राहिलेच पाहिजेत.

महागडे ऑप-ॲम्प बदलून पाहण्याआधी पॉवर सप्लाय आणि अर्थिंगकडे लक्ष द्यावे. फरक तेथेच मोठा पडतो. एनई५५३२ ला साधारण ८ मिलिअँपिअर लागतात; १६ चॅनलच्या ३२ चिपना प्रत्येक पुरवठ्यावर सुमारे पाव अँपिअर. ±१५ व्होल्टसाठी १५-०-१५ चा ट्रान्सफॉर्मर कागदावर पुरतो. परंतु वीज १८० व्होल्टपर्यंत उतरली की रेग्युलेटरपुढे १६ व्होल्टही उरत नाहीत आणि १०० हर्ट्झची घरघर थेट आवाजात उतरते. जेथे वीज कमी-जास्त होते तेथे १८-०-१८ चाच घ्यावा. त्याची किंमत उष्णतेच्या रूपाने मोजावी लागते: २३० व्होल्टवर एलएम३१७ आणि एलएम३३७ या रेग्युलेटरना प्रत्येकी सुमारे अडीच वॅट झेलावे लागतात, म्हणून हीटसिंक अनिवार्य. मंगळवेढ्याची काळी, ज्वारीची जमीन ओल धरून असते तोवर अर्थिंगला चांगली असते. उन्हाळ्यात ती भेगाळली की रॉडभोवतीची मातीची पकड सुटते आणि रोध वाढतो. खड्ड्यात पाणी घालत राहावे लागते. सुरक्षेसाठीची ही अर्थ कधीही काढू नये, घरघर थांबवण्यासाठी तर मुळीच नाही. केबलची शील्ड, म्हणजे एक्सएलआरची १ क्रमांकाची पिन, सर्किट बोर्डावर न नेता कनेक्टरपाशीच धातूच्या पेटीला जोडावी. जास्त चॅनल असतील तर २५ पिनांचा डी-सब कनेक्टर सोयीचा पडतो. एकात ८ बॅलन्स्ड चॅनल बसतात आणि एक पिन मोकळी राहते.

तपासणीसाठी १ किलोहर्ट्झचा एकच संकेत दोन चॅनलना द्यावा आणि एकाची ध्रुवता उलटवून बेरीज ऐकावी. चॅनल तंतोतंत जुळले तर शांतता; ०.१ डेसिबलचा फरक असला तरी उरलेला आवाज मूळ संकेताच्या फक्त ३९ डेसिबल खाली, म्हणजे स्पष्ट ऐकू येईल इतका असतो. त्यानंतर ऑसिलोस्कोप आउटपुटला लावून माइकसमोर टाळ जोरात वाजवावा आणि शिखरे सपाट होत नाहीत ना, ते पाहावे.