पयनघाटातील पर्जन्यकाल व नक्षत्रगणना

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले सोनाळा हे वऱ्हाडच्या पयनघाटातील गाव होय. ग्रंथांत ऋतू सहा असले, तरी शेतकऱ्याच्या भाषेत ते तीनच. ‘उन्हाळा’ हा शब्द ‘उष्णकाल’पासून, ‘हिवाळा’ हा ‘हिमकाल’पासून सिद्ध झाला. पावसाळ्याचे मात्र मृगापासून हस्तापर्यंत नऊ नक्षत्रांत सूक्ष्म विभाजन आढळते. चांद्र ज्येष्ठ मास अधिकमासामुळे सुमारे महिनाभर मागेपुढे सरकतो. सूर्याचा मृगप्रवेश ७ जूनच्या आसपासच होतो. पेरणीला असाच निश्चित आधार हवा. १८९९ साली पर्जन्य हुकला व वऱ्हाडात भीषण दुष्काळ पडला. अशा वर्षांचा इतिहास लिहिताना केवळ तिथीवरून पाऊस लांबल्याचे ठरविणे धोक्याचे. ‘मृग कोरडा गेला’ एवढी नोंदही अधिक विश्वसनीय साक्ष ठरते.