स्वदेशीचे गिऱ्हाईक आणि सूतकताईची मजुरी

सार्वजनिक सभेचे चिटणीस गणेश वासुदेव जोशी, ज्यांस पुणेकर आदराने सार्वजनिक काका म्हणत, ते १८७७ च्या दिल्ली दरबारास हातसुताच्या जाड्याभरड्या खादीचा पोशाख करून गेले, तेव्हापासून कापडाच्या खरेदीस सार्वजनिक कर्तव्याचे स्वरूप देण्याची परंपरा आमच्या प्रांतात सुरू झाली असे मानण्यास हरकत नाही. १८९६ साली सरकारने देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के जकात बसविली, आणि विलायती कापड घेऊ नये ही भाषा पुण्याच्या पेठांतून अधिक ठासून बोलली जाऊ लागली. पुढे १९०५ च्या विजयादशमीच्या सुमारास पुण्यात विलायती कापडाची होळी पेटली. गिऱ्हाइकाच्या हाती केवढे सामर्थ्य आहे याचा प्रत्यय व्यापाऱ्यास आणि सरकारास एकाच वेळी यावा, असा तो काळ होता.

परंतु कापड कोठचे, एवढाच प्रश्न हे गिऱ्हाईक विचारीत असे; ते कोणी विणले आणि किती तास राबून विणले, हे विचारण्याचे त्यास सुचले नाही. मुंबईच्या गिरण्यांत त्याच सुमारास विजेचे दिवे आले, स्वदेशीमुळे देशी मालाचा उठाव वाढला, आणि पूर्वी सूर्यास्ताबरोबर संपणारा कामाचा दिवस कित्येक गिरण्यांतून चौदा तासांच्या घरात गेला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी खटपट करून १८९० साली कामगारांस रविवारची सुट्टी मिळवून दिली होती खरी. पण उरलेल्या सहा दिवसांस मर्यादा नव्हती, आणि १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांचे काम बारा तासांवर आणीपर्यंत ती आलीही नाही. ज्या कामगारांनी १९०८ च्या जुलैत टिळकांच्या सहा वर्षांच्या शिक्षेनिमित्त सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या, त्यांच्याच श्रमांच्या कालावधीबद्दल स्वदेशीच्या व्याख्यानांतून फारसे ऐकू येऊ नये, ही त्या चळवळीची मला मोठीच उणीव वाटते. ती उणीव काळाची होती असेही म्हणवत नाही, कारण न्यूयॉर्कच्या काही गृहिणींनी १८९१ सालीच विक्रेत्या मुलींस नीट वागविणाऱ्या दुकानांची यादी प्रसिद्ध केली होती, व १८९९ पासून तेथील ग्राहकसंघ, कारखान्याची तपासणी केल्याखेरीज, कपड्यावर आपली पांढरी चिठ्ठी लावू देत नसे.

१९३० साली मुळजी जेठा मार्केटच्या दारांशी देशसेविकांनी निरोधन केले, आणि काँग्रेसने गिरणीमालकांकडून, परदेशी सूत वापरणार नाही, खादीची नक्कल करणार नाही, अशा कबुल्या लिहून घेतल्या. त्या अटींचा रोख मुख्यतः सुतावर व भांडवलावर होता. १२ डिसेंबर रोजी काळबादेवीत विलायती कापडाच्या लॉरीपुढे ज्याने प्राण दिला, तो बाबू गेनू मात्र आंबेगाव तालुक्यातून आलेला गिरणीकामगार होता.

मजुरीचा प्रश्न अखेर उपस्थित झाला तो गिरणीच्या नव्हे, चरख्याच्या बाजूने. १९२५ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय चरखा संघाने खादीचा प्रसार पुष्कळ केला, पण खादी स्वस्त पडावी म्हणून दिवसभर कातणाऱ्या बाईच्या पदरात एखाददुसरा आणा, कधी त्याहूनही कमी, पडत असे. खादी अंगावर चढविणाऱ्या देशभक्ताची प्रतिष्ठा या दारिद्र्यावर उभी होती, हे १९३५ साली गांधीजींनी ओळखले, आणि आठ तासांच्या कुशल कताईस निदान अन्नवस्त्रापुरती तरी मजुरी मिळालीच पाहिजे, असा आग्रह धरला. त्यांच्या मनातील माप आठ आण्यांचे होते. प्रत्यक्षात तितके देणे संघास झेपले नाही, तरी दर वाढले. वर्ध्याजवळ नालवाडीस विनोबांनी कातणाऱ्याच्या मजुरीत स्वतःचा निर्वाह करून पाहण्याचा प्रयोग चालविला. हिशेबाच्या वहीपेक्षा त्या प्रयोगाने अधिक सांगितले असावे.

भाव चढले की खप बसेल, ही खादी भांडारांच्या कार्यकर्त्यांची भीती निराधार नव्हती. शिवाय कमी मजुरी देऊन स्वस्त खादी विकणारे अप्रमाणित दुकानदार शेजारी टपलेलेच होते. म्हणून संघाच्या प्रमाणपत्रास महत्त्व आले: ठरलेली मजुरी देणाऱ्यासच ते मिळावे, आणि गिऱ्हाइकाने प्रमाणित खादीच घ्यावी, अशी ती व्यवस्था. दोन पैसे वाचविण्यासाठी पाटी न पाहता खरेदी करणारे खादीधारीही तेव्हा कमी नव्हते, आणि त्यांच्यापुढे प्रमाणपत्राचे काही चालत नसे. संघ नियम करू शकत होता, तपासनीस पाठवू शकत होता. पण वाढलेल्या मजुरीचे पैसे गिऱ्हाइकावाचून दुसरे कोणी देणार नव्हते. तेव्हा वाचकहो, वाजवी मजुरीची हमी देणारे कापड दुसऱ्या दुकानापेक्षा महाग दिसले, तर दुकानदारास त्या भावात कातणाऱ्याचे आणि विणकराचे किती, हे अवश्य विचारा, आणि त्याने सरळ उत्तर दिले तर घासाघीस करू नका.