खडकी वसवणारा हबशी : दख्खनच्या आफ्रिकी इतिहासात शिरताना

धर्मापुरीला बाहेरगावची माणसं येतात ती केदारेश्वराचं मंदिर पाहायला. चालुक्यकाळातल्या सुरसुंदरींसमोर रेंगाळतात आणि हटकून विचारतात, हे बांधलं कुणी? हा प्रश्न ज्याच्या ओठांवर येतो, त्याच्यासाठी हे पुस्तक आहे. तोच प्रश्न घेऊन आपण खडकीला जाऊ. म्हणजे कोर्टाच्या तारखेसाठी, आयुक्तालयातल्या कामासाठी किंवा विद्यापीठातल्या प्रवेशासाठी बीड जिल्ह्यातला माणूस ज्या शहराची वाट धरतो, त्या आजच्या छत्रपती संभाजीनगरला.

ते शहर 1610 मध्ये मलिक अंबरनं वसवलं. त्याचा जन्म 1548 च्या सुमाराला इथिओपियात झाला. लहानपणीच तो विकला गेला. मोखा, बगदाद असे बाजार आणि मालक बदलत तो दख्खनला पोहोचला, तेव्हा त्याला विकत घेणारा अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान हा स्वतःही हबशीच होता. विकत घेतलेला मुलगा आणि विकत घेणारा पेशवा, दोघेही एकाच वाटेनं इथं आले होते. ही गोष्ट नीट उमजली, तर हबशींना नुसते पीडित किंवा नुसते सरदार असं एकाच रकान्यात बसवता येणार नाही, हे कळतं. पुढे अंबरनं स्वतः हबशी शिपायांची मोठी फौज उभारली. गुलामी आणि सत्ता या इतिहासात एकमेकींत गुंतलेल्या आहेत. नव्या वाचकाला माझी विनंती एवढीच, की हा गुंता घाईनं सोडवू नये.

1600 मध्ये अहमदनगर मोगलांनी घेतलं. अंबरनं परांड्याला दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवून राज्य पुन्हा उभं केलं आणि मरेपर्यंत, 1626 पर्यंत, ते मोगलांच्या घशात जाऊ दिलं नाही. या लढ्यात मालोजी-विठोजींच्या पुढच्या पिढीतले भोसले त्याच्या बरोबरीनं होते. 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे लढले, त्यांचे भाऊ शरीफजी तिथं पडले. म्हणून मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यासक अंबरला ओलांडून पुढे जाऊच शकत नाही. शिवाय महसूल आहेच. ठेक्यानं सारा वसूल करण्याची रीत मोडून अंबरनं जमिनीच्या कसावर आणि पिकावर सारा बसवला. जुन्या कागदांत त्याला मलिकंबरी धारा म्हणतात. जहागिरीचं आणि वतनाचं दप्तर वाचणाऱ्यांनी या शब्दापाशी जरूर थांबावं.

त्याच्या शत्रूचीही साक्ष आहे. अबुल हसन या चित्रकारानं जहांगीरसाठी काढलेलं एक चित्र आज डब्लिनमध्ये आहे. त्यात भाल्यावर अंबरचं मुंडकं आहे आणि बादशहा त्याच्यावर बाण रोखून उभा आहे. प्रत्यक्षात अंबर कधीच त्याच्या हाती लागला नाही. आपल्या आठवणींत जहांगीरनं त्याच्या रंगावरून हिणवणारे शब्द वापरले, तर मुतमदखान या दरबारी इतिहासकारानं मृत्यूनंतर त्याच्या कर्तबगारीची खुली वाखाणणी केली. आपल्या मराठीतही हबशी हा शब्द काळ्या माणसाला टोमणा मारायला सर्रास वापरला जातो. मुलाला अशी हाक मारणाऱ्या घरात जंजिऱ्याच्या शिद्द्यांपलीकडचं काहीच पोहोचलेलं नसतं, आणि तेही शत्रू म्हणूनच. जंजिऱ्याच्या मुलखाला हबसाण म्हणत, हेही आता थोड्यांनाच आठवतं.

गुलामीची आठवण शहरानं कशी ठेवायची, हा प्रश्न जगभर आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये गुलामांचा व्यापार करणाऱ्या कोल्स्टनचा पुतळा 1895 पासून चौकात उभा होता. 2020 मध्ये लोकांनी तो पाडला आणि आता तो संग्रहालयात आहे. आपल्याकडे प्रश्न वेगळा आहे. इथं विकल्या गेलेल्या माणसानं उभारलेला दरवाजा अजून उभा आहे. मोगलांवरच्या विजयाच्या स्मरणार्थ अंबरनं 1612 मध्ये बांधलेला भडकल दरवाजा रोज हजारो माणसं पाहतात. त्याच्याजवळ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, आणि 14 एप्रिलला तिथं माणसांचा समुद्र लोटतो. या गर्दीत एखाद्या शिक्षकानं मुलांना वर बोट दाखवून दरवाजा बांधणाऱ्याची गोष्ट सांगितली, तर त्यासाठी कुणाच्या मंजुरीची गरज नाही.

पण माझ्या मते शहरानं करायचा अंबरचा खरा सन्मान पाण्यात आहे. डोंगराकडून जमिनीखालून उतारानं पाणी आणणारी नहर-ए-अंबरी शतकानुशतकं शहराला पाणी देत होती. बीडच्या माणसाला ही विद्या परकी नाही, कारण निजामशाहीच्याच काळातली आपली खजाना विहीर भुयारांनी पाणी खेळवते. नहरीचा मार्ग शोधून नकाशावर आणणं, तिच्यावर बांधकाम होऊ न देणं, मराठी-उर्दूत साधा फलक लावणं, हे पालिकेच्या आवाक्यातलं काम आहे. नाव बदललं तरी हे काम थांबायला नको. खडकीचं फतेहनगर झालं, 1653 मध्ये औरंगाबाद, 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर. जमिनीखालची नहर त्यातल्या प्रत्येक नावाच्या शहराखालून वाहिली आहे.

खुल्दाबादला अंबरची कबर आहे, शेजारी त्याची पत्नी बीबी करीमा हिची. तिच्याबद्दल लिहिलेलं फार थोडं सापडतं. हबशी स्त्रियांचा इतिहास बराचसा अजून लिहायचाच आहे. हैदराबादच्या एसी गार्ड्स या वस्तीत निजामाच्या आफ्रिकी घोडदळातल्या शिपायांची नातवंडं-पतवंडं राहतात. बीड 1948 पर्यंत त्याच हैदराबाद संस्थानात होतं, तेव्हा ती वस्ती आपल्या इतिहासाबाहेरची नाही. धर्मापुरीतल्या मुला-मुलींनो, तुमच्याकडे मोडी वाचणारे कुणी आजोबा असतील, घरात सनद किंवा जमिनीचा जुना कागद असेल, तर तो आधी घेऊन या. सुरुवात तिथूनच करू.