जळालं की पुन्हा बांधायचं

भूतानमधल्या पारोच्या खोऱ्यात मोठ्या वास्तूंची दोन-दोन सालं सांगावी लागतात, एक बांधल्याचं आणि एक जळाल्याचं. रिनपुंग झोंग १६४४ साली बांधायला घेतला, तो १९०७ मध्ये जळाला. द्रुकग्येल झोंग १६४९ च्या सुमाराचा, जळाला १९५१ मध्ये. कड्याला बिलगलेला ताक्त्सांग मठ १६९२ चा, तो १९९८ च्या एप्रिलात गेला.

झोंग म्हणजे अर्धा किल्ला, अर्धा मठ. एका अंगाला कारभाऱ्यांच्या कचेऱ्या, दुसऱ्या अंगाला भिक्खूंच्या खोल्या आणि मधे उंच बुरूज. १६१६ मध्ये तिबेटातून आलेल्या झाबद्रुंग न्गावांग नामग्याल यांनी असे झोंग उभारूनच विखुरलेल्या खोऱ्यांचं एक राज्य केलं. आपल्याकडे शिवाजी महाराज तोरण्यावर होते, तोही रिनपुंग-द्रुकग्येल उभे राहिले त्याच दशकातला काळ. द्रुकग्येल तर तिबेटी फौजांवरच्या विजयाचं स्मारक. तिबेटकडे जाणाऱ्या वाटेवर तो मुद्दाम बांधला.

वरवर किती दगड दिसला तरी आत सारा सांगाडा लाकडाचा. रिनपुंगच्या चौकात मी तुळयांचे सांधे बराच वेळ न्याहाळत होतो. खाचेत खाच बसवलेली, खिळ्याचा पत्ता नाही. अशा घरात रात्रंदिवस लोण्याचे दिवे तेवायचे. १९०७ च्या आगीत रिनपुंगमधलं जवळजवळ सगळं गेलं, पण भलंमोठं थोंगद्रोल वाचलं. त्से‌चूच्या उत्सवात शेवटच्या दिवशी हा रेशमी चित्रांचा पट पहाटे उलगडतात आणि ऊन पडायच्या आत गुंडाळून ठेवतात. आता बऱ्याच मठांत दिव्यांसाठी बाहेर काचेची वेगळी खोली असते. आगीपासून घेतलेला हा धडा मला फार मोलाचा वाटतो.

रिनपुंगच्या वर टेहळणीचा गोल ता झोंग आहे. तिसरे राजे जिग्मे दोर्जी वांगचुक यांनी १९६८ मध्ये तिथे राष्ट्रीय संग्रहालय केलं. २०११ च्या भूकंपात भिंतींना तडे गेले, तेव्हा वस्तू शेजारच्या इमारतीत हलवल्या आणि बुरूज दुरुस्तीला घेतला.

द्रुकग्येल मात्र साठ वर्षांहून अधिक काळ पडीक होता. २०१६ मध्ये राजपुत्राच्या जन्मानिमित्त त्याच्या पुनर्बांधणीचं काम सुरू झालं. हे ‘मूळ’ नव्हे, असं म्हणणारे सहप्रवासी मला भेटले. मला ते पटत नाही. भूतानमध्ये सुतार, गवंडी, चित्रकार आजही तेच काम करतात. हात जिवंत आहेत तोवर वास्तू मूळचीच. उलट आमचा शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला तो पुन्हा बांधलाच नाही, त्यानंतर पुण्यात उरले ते तट, दरवाजे आणि जोती.

पारोला जाल तेव्हा ताक्त्सांगच्या चढणीसाठी एक दिवस ठेवालच. अर्धा दिवस द्रुकग्येललाही द्या, आणि तिथली लाकडाची नवी कामं जवळ जाऊन बघा.